मानाचा दगड

बद्रीनाथ वाघचौरे यांनी आयुष्यात एकच विद्या मन लावून केली, ती सोयरिकी जमवण्याची. नोकरी केली, नाही असं नाही. पण सरकारी कचेरीत त्यांच्या टेबलासमोर बसणारी निम्मी माणसं कामासाठी आलेली असायची आणि निम्मी पोरीच्या स्थळासाठी, आणि दुसऱ्या निम्म्यांचं काम आधी व्हायचं. वैजापूरपासून जालन्यापर्यंत कुठल्याही मांडवात ते शिरले की वधूचा नाहीतर वराचा बाप पळत येऊन त्यांच्या खांद्यावर टॉवेल-टोपी ठेवायचा. सगळा मुलूख त्यांना मामा म्हणायचा. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आपण जमवलेलं जोडपं आजवर फुटलेलं नाही." हे वाक्य ते इतक्या वेळा बोलत, की ते सुरू झालं की त्यांच्या पत्नी सुरेखाबाई उठून कुकरच्या शिट्ट्या मोजायला जायच्या.

अशा माणसाला चार मासे एका टाकीत नांदवायला काय अवघड, असं तुम्हाला वाटेल. त्यांनाही तसंच वाटलं.

झालं असं, की मामांचा मुलगा शिवम याची बदली पुण्याहून वाळूजच्या कंपनीत झाली आणि जूनमध्ये तो बायको-मुलीला घेऊन चिकलठाण्याच्या या फ्लॅटवर राहायला आला. नात प्रेरणा चौथीत. शाळा नवी, वर्ग नवा. पहिल्या आठवड्यात मामांनी विचारलं, "मैत्रिणी झाल्या का गं?" ती म्हणाली, "होतील." पुढच्या आठवड्यात म्हणाली, "होतायत." त्यानंतर प्रश्न यायच्या आतच ती दप्तर टाकून गॅलरीत जाऊ लागली. मामा तिला शाळेतून आणायला जात. बाकीच्या पोरी घोळक्यानं बाहेर पडायच्या आणि प्रेरणा त्या घोळक्याच्या मागं, त्यातलीच आहे असं लांबून वाटावं एवढं अंतर ठेवून चालायची. माणसांमधली अंतरं ओळखण्यात मामांचा जन्म गेला होता. हे अंतर त्यांना फार लागलं.

मग एक दिवस ईश्वरी नावाची पहिल्या बाकावरची मुलगी फाटकापाशी आपणहून त्यांच्याकडं आली. "आबा, तुमच्या घरी खरंच आफ्रिकेतले मासे आहेत?"

मामांनी प्रेरणाकडं पाहिलं. प्रेरणा स्वतःच्या बुटांकडं पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. वाघचौऱ्यांच्या घरात त्या दिवशी मासा म्हणून एकच वस्तू होती, फ्रीजच्या दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा.

"आहेत की," मामा म्हणाले. "ही एवढी टाकी आहे, भिंतभर."

"मग कधी दाखवणार?"

"दिवाळीनंतर प्रेरणाचा वाढदिवस असतो. सगळ्या जणी या."

रिक्षात प्रेरणानं दप्तर मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही खोटं बोललात."

"तू बोललीस ते खोटं होतं. मी बोललो ते खरं होणार आहे. पुन्हा मात्र असं बोलायचं नाही, कारण दर वेळी एवढी मोठी टाकी मला परवडायची नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि मामांना माघार घ्यायची वाट उरली नाही.

टाकी आली ती दिवाणाएवढी. ती लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं चढवली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अशी अडकली, की अर्धा तास वरची माणसं वर आणि खालची खाली राहिली आणि दूधवाल्यानं पिशव्या दोरीनं वर पाठवल्या. दिवाणखान्यातला सोफा बाहेर गेला. सुरेखाबाईंचा माहेराहून आलेला शोकेस बेडरूममध्ये गेला.

"माझा शोकेस काढला. आता मलाच काढा आन् तिथं एखादी मगर ठिवा," सुरेखाबाई म्हणाल्या.

"अगं, पोरीसाठी चाललंय."

"पोरीसाठी म्हणून गप बसले. तुमच्यासाठी असतं तर टाकी जिन्यातच ऱ्हायली असती."

आपल्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस घरोघरी सणासारखा असतो. त्या दिवशी कुणी बाहेरगावी जात नाही, कुणी आजारी पडत नाही, ठरलेला साखरपुडासुद्धा पुढं ढकलतात. अशा गावात एका गृहस्थानं दिवाणाएवढी टाकी पाण्यानं भरायला घेतली, ही बातमी सोसायटीत कशी पसरली असेल ते सांगायला नको. संध्याकाळी फलकावर सूचना लागली, "सदनिकेत जलचर पाळण्याबाबत तातडीची सभा." खाली अध्यक्ष संघपाल वाहूळ यांची सही. वाहूळसाहेब निवृत्त इंजिनिअर. त्यांना दोन गोष्टी प्राणाहून प्रिय होत्या, नियम आणि गच्चीवरचा कढीपत्ता.

"वाघचौरे," सभेत ते म्हणाले, "माणसांना पुरेसं पाणी नाही आणि आपण मत्स्यपालन करताय. शिवाय स्लॅबवर येणारा भार. आपण नकाशा सादर केलाय का?"

"कशाचा नकाशा?"

"टाकीचा."

"साहेब, ती काचेची आहे. आरपार दिसतं. नकाशा कशाला?"

इथं तळमजल्यावरचे माऊली उठले. माऊली म्हणजे गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि प्रत्येक विषयावर मत. "मला येवढंच सांगा मामा, हे मासे मोठे झाल्यावर त्यांचं काय करणार?" हा प्रश्न त्यांनी असा विचारला, की जणू मामा आजच कालवण चढवायला निघाले आहेत. ते बघायचे आहेत, खायचे नाहीत, हे समजावण्यात सभेचा बराच वेळ गेला, आणि समजल्यावरही दोन-तीन सभासदांच्या तोंडावर निराशा दिसली.

मार्ग अखेर पाण्यानंच काढला. सोसायटीच्या बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. या पाण्याला कुणी वाली नव्हता. आणि आफ्रिकेतल्या त्या मोठ्या तळ्यांचं पाणी नेमकं असंच जड असतं, हे मामांनी मोबाईलवर वाचून ठेवलं होतं. "ज्या पाण्याला तुम्ही शिव्या देता, ते माझ्या पाव्हण्यांना माहेरचं वाटतं," ते म्हणाले. मग ठरलं, की नळाच्या पाण्याला हात लावायचा नाही, बोअरचंच वापरायचं, आणि दर आठवड्याला टाकीतून काढलेलं पाणी गच्चीवरच्या झाडांना घालायचं. वाहूळसाहेबांनी हे इतिवृत्तात लिहून घेतलं. महिन्याभरात त्यांचा कढीपत्ता कमरेएवढा झाला आणि साहेब स्वतःच बादली घेऊन दारात उभे राहू लागले, पण ते पुढचं.

पाणी मुरायला ठेवून, म्हणजे फिल्टरमध्ये चांगले जंतू तयार होईपर्यंत थांबून, मामा मासे आणायला जुन्या शहरातल्या कलीमभाईंच्या दुकानात गेले. सोबत प्रेरणा.

"मामू, आफ्रिकन सिच्लिड लेना है तो दो बातां याद रखो," कलीमभाई म्हणाले. "एक, सब एकीच तालाब के लो. मलावी तो सब मलावी. मिक्स नक्को."

मामा दचकले. "एकाच तळ्यातले? म्हणजे सगळी भावकीच झाली की!"

"भावकी बोले तो?"

"चुलत, चुलतचुलत. एका कुळातले. भावकीत सोयरीक होत नसती, कलीमभाई."

"मामू, मच्छी है."

"मासा झाला म्हणून त्याला रीतभात नको? बरं, दुसरी?"

"जोडी नक्को लेना. एक नर के पीछे चार-पाच मादी."

मामांनी प्रेरणाच्या कानांवर हात ठेवले. "कलीमभाई, मी आजवर एकाही पोरीला सवतीवर दिली नाही. माझ्या घरात हे चालायचं नाही."

कलीमभाईंनी छताकडं पाहिलं, जाळी उचलली आणि म्हणाले, "जैसी मर्जी. बाद में मेरेकू नक्को बोलना."

मग मामांनी निवड केली ती स्थळं पाहावीत तशी. घराणं वेगळं हवं, अंगकाठी शोभायला हवी, चेहऱ्यावर तेज हवं. मलावी तळ्यातलं ऑरेटस नावाचं जोडपं घेतलं. पिवळं अंग, त्यावर काळे-पांढरे पट्टे, चाल रुबाबदार. नराचं नाव ठेवलं सरपंच. टांगानिका तळ्यातला फ्रंटोसा घेतला. त्याच्या कपाळावर फेटा बांधल्यासारखा उंचवटा होता आणि डोळ्यांत मानकऱ्याचा शांतपणा. हे व्याही. व्हिक्टोरिया तळ्यातलं एक तांबूस, नाजूक जोडपं घेतलं, त्यातले जावईबापू. तीन तळी, तीन कुळं. कुठंही भावकी नाही. व्याही तेवढे एकटे, बाकी जोड्या बिनचूक.

"आबा, मला ती हवी," प्रेरणा म्हणाली. कोपऱ्यातल्या छोट्या टाकीत एकच लहानशी पिवळीधमक मासळी होती.

"ये यलो लॅब है बेटा, मलावी की. बहुत शरीफ. इन गुंडों में नहीं टिकेगी."

"टिकेल," प्रेरणा म्हणाली आणि तिचं नाव हळद ठेवून मोकळी झाली.

टाकीच्या मधोमध मामांनी एक मोठा काळा फत्तर ठेवला होता. माऊलींच्या शेतातला, आरपार भोक असलेला, दिसायला किल्ल्यासारखा. बाजूला नुसती वाळू. लग्नात स्टेजवर राजाराणीची खुर्ची असते, तसा हा टाकीचा मानाचा दगड. सगळ्यांनी त्याच्याभोवती गुण्यागोविंदानं फिरावं, अशी कल्पना.

सरपंचानं तो दगड पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. भोकात शिरून त्यानं तोंडानं वाळू उपसली, समोर ढीग घातला आणि त्या ढिगाच्या अलीकडं येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळायला सुरुवात केली. हळूहळू त्याचा पिवळा रंग जाऊन तो काळाभोर झाला. त्याची बायको पंपामागं उभी राहायची. बिचारीच्या शेपटीच्या दशा झाल्या होत्या. व्याही एवढे मोठे, पण कुणी अंगावर आलं की भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. आणि एका सकाळी जावईबापू दिसेनात. सगळीकडं शोध घेतल्यावर प्रेरणाच्या लक्षात आलं, की व्याह्यांचं पोट जरा पुढं आलंय.

"व्याह्यानं जावई गिळला," सुरेखाबाईंनी निकाल दिला. "अशी सोयरीक आख्ख्या मराठवाड्यात कुणी लावली नसंल."

मामांना हे लागलं. इतकं, की दोन दिवस ते 'आपण जमवलेलं जोडपं' हे वाक्य बोलले नाहीत आणि सुरेखाबाईंना कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब लागेना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वाहूळसाहेब म्हणाले, मधे काचेची भिंत घाला आणि प्रत्येकाला रीतसर हद्द आखून द्या. वरच्या मजल्यावरून निरोप आला, टाकीचं तोंड पूर्वेला करा. माऊली आधी टाकीकडं पाठ करून बसायचे. पण मलावीचे बरेचसे मासे दगडावरचं शेवाळ खातात हे ऐकताच ते गर्रकन वळले.

"म्हंजे शाकाहारी?"

"बव्हंशी."

"मग ते आपलेच की!" आणि ते रोज उकडलेला पालक घेऊन येऊ लागले. पालक सरपंच एकटा खायचा. बाकीच्यांना घासही मिळू द्यायचा नाही.

कळस झाला तो एका रविवारी. बजाजनगरची मुलगी आणि वैजापूरच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा, अशी पहिली भेट मामांच्या दिवाणखान्यात ठरली होती. सोफा नव्हता, म्हणून सगळे टाकीसमोर खुर्च्या टाकून बसले. पोहे आले. मामा बोलायला लागले, "आपण जमवलेलं जोडपं—"

तेवढ्यात काचेमागं सरपंचानं बायकोचा पाठलाग सुरू केला. ती या टोकाला, तो मागं. ती त्या टोकाला, तो मागं. मग त्यानं तिची शेपटी धरली. पोह्याचे चमचे हवेत थांबले.

मुलीच्या आईनं हळू आवाजात विचारलं, "मामा, हे जोडपं तुम्हीच जमवलं व्हय?"

"हो... म्हणजे..."

"आम्ही कळवतो," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

त्या संध्याकाळी मामा टाकीसमोर बसून होते. प्रेरणा येऊन शेजारी बसली. हळद वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळीमागं, हलतही नव्हती.

"आबा, वाढदिवसाला कुणालाच बोलवू नका. मी सांगते की मासे मेले."

"का गं?"

"ईश्वरी आणि सगळ्या येतील आणि बघतील की हळदला सगळे मारतात. मग त्या हसतील."

"हसतील कशाला?"

ती बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिली. "ती नवीन आहे ना. बाकीच्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. ती कुठंही गेली की तिथं आधीच कुणीतरी असतं. वाईट नसतात ते. पण म्हणतात, इथं जागा आहे आमची."

"वर्गात तू कुठं बसतेस, प्रेरणा?"

"दारापाशी. शेवटचा बाक. तिथं कुणाचीच जागा नव्हती."

मामा तिच्याजवळ सरकले. अशा वेळी मुलाच्या शेजारी नुसतं बसून राहावं, हे त्यांना माहीत होतं. तसे ते बसले. आणि बसल्या बसल्या त्यांना वैजापूरचं एक लग्न आठवलं.

त्या लग्नात दोन्हीकडचे मानकरी पुढच्या सोफ्यावरून भांडले होते. मुलाचे चुलते म्हणत, पुढचा सोफा आमचा. मुलीचे मामे म्हणत, आम्ही सकाळपासून बसलोय. अक्षता वाटून झाल्या तरी कुणी उठेना, आणि नवरी पाटापाशी ताटकळत उभी. तेव्हा मामांनी काय केलं? कुणालाच उठवलं नाही, कुणाला समजावलं नाही. 'मुहूर्ताला दिशा बदलायची आहे' असं सांगून त्यांनी मांडववाल्याकडून पाट या टोकाचा त्या टोकाला हलवून घेतला आणि सगळ्या खुर्च्या फिरवायला लावल्या. पुढचं मागं, मागचं पुढं. दोन मिनिटं कुणाला कळेना आपली जागा कोणती. त्या गडबडीत जो तो मिळेल तिथं बसला आणि लग्न लागलं.

"सुरेखा!" मामा ओरडले. "बादल्या काढ!"

"आज काय नळ यायचा दिवस हाय का?"

"नाही. मानाचा दगड हलवायचाय!" मामा म्हणाले आणि त्यांनी वैजापूरच्या त्या लग्नाची गोष्ट प्रेरणाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर कामाला लागलं. आधी मामा कलीमभाईंकडं गेले आणि व्याह्यांना आणि जावईबापूंच्या विधवेला सन्मानानं परत केलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मी टाकीला मांडव समजलो. टाकी म्हणजे गाव आहे. सोयरीक बाहेरगावी करायची, पण गावात नांदते ती भावकीच. एकाच तळ्यातले द्या. एकसारखं खाणारे, एकसारख्या अंगाचे. आणि जरा जास्त द्या, म्हणजे एकाच्याच मागं लागायला कुणाला फुरसत मिळायला नको."

"और मादी?"

मामा अडखळले. या एका मुद्द्यावर त्यांचं मन अजून तयार होत नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला.

"आवो, सवती कशाला म्हणता?" पलीकडून सुरेखाबाई म्हणाल्या. "ती बिचारी तिथं एकटीच बाई. तिला मैत्रिणी आना की चार."

"मैत्रिणी द्या," मामा कलीमभाईंना म्हणाले, आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

माऊलींनी शेतातून पोतंभर दगड आणले. वाहूळसाहेब लेव्हल-पट्टी घेऊन हजर झाले आणि कुठला दगड कशावर टेकला म्हणजे ढासळणार नाही, हे सांगू लागले. या कामात ते इतके रंगले, की नियम विसरून अनवाणी ओल्या फरशीवर उभे राहिले. टाकीतला मोठा फत्तर बाहेर निघाला. त्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत लहान-मोठ्या दगडांची वस्ती झाली. जिथं पाहावं तिथं भोक, जिथं पाहावं तिथं आडोसा. एकही दगड दुसऱ्यापेक्षा मानाचा नाही. मग जुने-नवे सगळे मासे एकाच वेळी सोडले.

सगळे, पण सरपंच सोडून. त्याला मामांनी गॅलरीतल्या मोठ्या टबात ठेवलं, हवेची नळी लावली आणि वर जाळी टाकली.

"त्याला शिक्षा का?" प्रेरणानं विचारलं.

"शिक्षा नाही गं. तो सगळ्यात शेवटी जाईल. म्हणजे नवीन तो असेल."

प्रेरणाचे डोळे चमकले. पण रोज शाळेतून आल्यावर ती टबापाशी जाऊन बसू लागली, माऊलींच्या पालकाचा तुकडा घेऊन. मामांनी एकदा ऐकलं, ती त्याला सांगत होती, "घाबरू नको. पहिले काही दिवस वाईट असतात."

वाढदिवस आला. पोरी आल्या. दिवाणखान्यात शिरल्या आणि थेट काचेला नाकं लावून उभ्या राहिल्या. भिंतभर टाकी, दगडांची वस्ती, आणि त्यात पिवळे, निळे, पट्टेरी मासे या भोकातून त्या भोकात पाठशिवणी खेळत होते. मधूनच कुणी कुणाला ढुशी द्यायचा, दुसरा तिसऱ्याकडं वळायचा आणि भांडण आपोआप विरून जायचं. सरपंचाची बायको मैत्रिणींच्या घोळक्यात होती, आणि तिच्या शेपटीला नवी कड फुटली होती. आणि हळद अगदी समोर काचेपाशी होती. तिनं एका चपट्या दगडाखाली घर केलं होतं.

"आबा, खरंच भिंतभर आहे," ईश्वरी म्हणाली.

"मी कधी खोटं बोलतो का?" मामा म्हणाले आणि प्रेरणाकडं न बघण्याची काळजी घेतली.

मग सगळ्यांसमोर प्रेरणानं सरपंचाला टाकीत सोडलं. काळाभोर रंग उतरून तो पुन्हा फिकट झाला होता. तो मधोमध आला. त्याचा दगड तिथं नव्हता. तो डावीकडं गेला. तिथं एक निळा होता. उजवीकडं गेला, तिथं सगळा घोळका. शेवटी तो वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळीमागं जाऊन उभा राहिला. जिथं आधी हळद उभी असायची, तिथंच.

"ए, तो बघ ना कसा एकटाच उभा राहिलाय," ईश्वरी म्हणाली. "त्याला कुणी जागा का देत नाहीत?"

प्रेरणा टाकीकडं बघत म्हणाली, "तो नवीन आहे ना, म्हणून."

ईश्वरीनं प्रेरणाकडं पाहिलं. मग माशाकडं. मग पुन्हा प्रेरणाकडं. मग तिनं केकचा दुसरा तुकडा घेतला आणि अर्धा मोडून प्रेरणाच्या ताटलीत ठेवला. मामांना त्या वेळी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं, आणि ते गॅलरीतला रिकामा टब विनाकारण पुसत बसले.

संध्याकाळपर्यंत सरपंचाला एका कडेचं भोक सापडलं. बारीकसंच होतं. त्यानं वाळू उपसली, पण ढीग पूर्वीपेक्षा पुष्कळच लहान घातला.

सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका मॅडम होत्या.

"आबा, प्रेरणानं आज मला सांगितलं, की वर्गातले सगळे बाक फिरवा, पुढचे मागं आणि मागचे पुढं, आणि सगळ्यांना एकदम आत सोडा. मी विचारलं, का? तर म्हणाली, आमचे आबा लग्नात असंच करतात. ईश्वरी तिच्या बाजूनं उभी राहून म्हणाली, आणि माशांचंही असंच असतं. मला काही कळलं नाही. हे नक्की काय आहे?"

मामांनी घसा साफ केला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ सोयरिकी समजावून सांगितल्या होत्या, पण ही कुठून सुरू करावी ते त्यांना समजेना. "मॅडम, ती लहान आहे. मनावर घेऊ नका."

"घेतलं ना. फिरवले मी बाक," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर फोन केला. आता माझं टेबल कुठं ठेवू, तेवढं विचारायचं होतं."

शाळा सुटली. मामा फाटकापाशी उभे होते. पोरींचा घोळका बाहेर पडला आणि मामा सवयीनं त्याच्या मागं बघू लागले. मागं कुणीच नव्हतं. प्रेरणा घोळक्याच्या मधेच होती, आणि तिच्या पाण्याच्या बाटलीतून दुसरंच कुणीतरी पाणी पीत होतं.

"मग? आज कुठं बसलीस?" रिक्षात त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. तिला धाप लागली होती आणि बोलायचं खूप होतं. "आबा, आज कुणालाच आपली जागा सापडत नव्हती. ईश्वरीला पण नाही. लई मजा आली!"

घरी पोचल्यावर मामांनी चपला काढायच्या आधी बजाजनगरला फोन लावला. "ताई, त्या मुलाची पत्रिका अजून माझ्याकडंच आहे. एकदा पुन्हा या की. पोहे करतो. आणि हो, आमचं ते जोडपंही बघून जा."

आत सुरेखाबाई कुकरच्या शिट्ट्या मोजायला उठल्या.